प्रकल्प नोंदी: इटालियन वीरकाव्यांच्या छापील आवृत्त्यांचा तक्ता, १४७३ ते १५४५

३ जून

हद्द ठरली. तक्त्यात इटलीत छापलेली, ओत्तावा रीमातली वीरकाव्यंच घ्यायची: आठ ओळींचं कडवं, अकरा अक्षरी ओळ, पहिल्या सहा ओळींत दोन यमकं आलटून पालटून आणि शेवटच्या दोन ओळींना तिसरं. शार्लमेन आणि त्याचे सरदार, ओर्लांदो, रिनाल्दो, त्यांची युद्धं आणि प्रेमप्रकरणं हा विषय.

सुरुवातीची ओळ मात्र गद्याची आहे. 'ग्वेर्रीन मेस्कीनो' २१ एप्रिल १४७३ ला पादुआत बार्तोलोमेओ वाल्देझोक्कोच्या छापखान्यातून निघालं. पद्य नसलं तरी वाचक तोच, म्हणून शून्य क्रमांक देऊन ठेवलं आहे. पद्यात व्हेनिसचं 'अल्तोबेल्लो' १४७६, व्हेनिसचंच 'आंक्रोया' १४७९, बोलोन्याचं 'बुओवो दान्तोना' १४८०. पुल्ची, बोयार्दो, आरिओस्तो ही मोठी नावं यांच्या नंतरची. छापखान्यांनी आधी हात घातला तो चौकात गायल्या जाणाऱ्या, बहुतेक निनावी कथांना. यादी नेहमीप्रमाणे तीन कवींपासून सुरू केली तर हे दिसतच नाही.

१५४५ ला का थांबायचं ते शेवटी.

६ जून

एक ओळ म्हणजे एक आवृत्ती, एक प्रत नव्हे. प्रतींचा तक्ता वेगळा ठेवला आहे. शीर्षक, कवी, गाव, मुद्रक, खर्च करणारा (मुद्रकाहून वेगळा असेल तर), छापलेली तारीख, आजच्या हिशेबाची तारीख, आकार, पानं, जुड्या (ताव दुमडून एकत्र शिवलेले पानांचे गट), कॉलमात किती कडवी, टाइप, चित्रं, ज्ञात प्रती आणि पुराव्याची प्रत असे रकाने आहेत.

पुराव्याच्या चार पायऱ्या केल्या. क: प्रत आज आहे आणि पाहता येते. ख: प्रत होती, विश्वासू माणसाने पाहून वर्णन केलं, आता सापडत नाही. ग: प्रत कुणी पाहिली नाही, पण त्या काळच्या कागदपत्रात आवृत्तीचा उल्लेख आहे. घ: निव्वळ अनुमान. घ वर्गातली ओळ मोजणीत धरायची नाही. एकोणिसाव्या शतकातल्या याद्या, विशेषतः मेल्झीची १८३८ ची, फार उपयोगी आहेत. पण त्यांत अशा काही आवृत्त्या आहेत ज्या कुणा विक्रेत्याने तारीख चुकीची वाचल्यामुळेच जन्माला आल्या. रोमन आकड्यातला एक एक्स गळला की दहा वर्षांपूर्वीची नवी आवृत्ती तयार होते.

१० जून

तारखांचा घोळ आधी मिटवणं भाग आहे, नाहीतर पुढचा सगळा क्रम उलटतो.

व्हेनिसमध्ये वर्ष १ मार्चला सुरू होई, फ्लॉरेन्समध्ये २५ मार्चला. म्हणजे व्हेनिसच्या पुस्तकावर जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर साल एकाने वाढवायचं. फ्लॉरेन्सच्या पुस्तकाला हा नियम २४ मार्चपर्यंत.

पुल्चीचं 'मोर्गान्ते' हे याचं नमुनेदार उदाहरण. व्हेनिसमध्ये लुका दि दोमेनिकोने छापलेल्या आवृत्तीवर २६ फेब्रुवारी १४८१ आहे. आपल्या हिशेबाने ते १४८२. अठ्ठावीस सर्गांची वाढीव आवृत्ती फ्लॉरेन्समध्ये फ्रांचेस्को दि दिनोने काढली, तिच्यावर ७ फेब्रुवारी १४८२. आपल्या हिशेबाने १४८३. दोन्ही तारखा न बदलता टाकल्या तरी क्रम योगायोगाने बरोबर येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग मधे फ्लॉरेन्सच्याच रिपोली मठातली १४८१-८२ ची तेवीस सर्गांची आवृत्ती बसवायला गेलं की सगळं अडतं.

मुद्रक नेहमी हा नियम पाळत असत असंही नाही. बाहेरच्यांसाठी छापताना व्हेनिसचे काही मुद्रक १ जानेवारीचं वर्ष वापरत. म्हणून 'छापलेली तारीख' जशी आहे तशीच ठेवायची, आजची तारीख दुसऱ्या रकान्यात आणि ती कशी काढली हे तिसऱ्यात. पुष्पिकेत (पुस्तकाच्या शेवटी असलेल्या छपाईच्या नोंदीत) दोजेचं, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचं, नाव असेल तर त्याच्या कारकिर्दीवरून साल पडताळता येतं. फेर्रारात वर्ष नाताळपासून मोजत, त्यामुळे तिथल्या फेब्रुवारीला हात लावायचा नाही. आरिओस्तोच्या 'ओर्लांदो फुरिओसो'ची दुसरी आवृत्ती १३ फेब्रुवारी १५२१ ची आहे आणि ती १५२१ चीच.

११ जून

रिपोलीच्या ओळीला जोड. सान याकोपो दि रिपोली हा दोमिनिकन जोगिणींचा मठ. छापखाना १४७६ ते १४८४ चालला, कारभार फ्रा दोमेनिको दा पिस्तोयाकडे. खिळे जुळवण्याचं काम मठातल्या जोगिणींनीही केलं आणि त्याची मजुरी छापखान्याच्या हिशेबवहीत आहे. ही वही शिल्लक राहिली म्हणून कागद, शाई, धातू यांचे खर्च कळतात. पंधराव्या शतकातल्या छापखान्याचा असा रोजचा हिशेब फार क्वचित मिळतो. राक्षस, मारामाऱ्या आणि धर्माची टिंगल असलेलं काव्य मठात छापलं गेलं याचं आज नवल वाटतं. वहीत मात्र ते इतर कामांसारखंच एक काम आहे.

१७ जून

आज मांडणीचा रकाना, आणि खरं तर सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच आहे.

गद्य पुस्तकात एका पानावर किती मजकूर मावेल हे जुळाऱ्याच्या हातावर असतं. ओत्तावा रीमात तसं नाही. छापात एक ओळ म्हणजे एकच ओळ, कडवं म्हणजे आठ ओळी, आणि चांगला मुद्रक कडवं दोन कॉलमांत तोडत नाही. दोन कॉलम, प्रत्येकात पाच कडवी, म्हणजे कॉलमला चाळीस ओळी आणि पानाच्या एका बाजूला दहा कडवी. सहा कडव्यांचा कॉलम असेल तर बाजूला बारा. काव्यात कडवी किती हे माहीत असलं की पुस्तकाची जाडी, आणि त्यावरून कागद, छापायच्या आधीच सांगता येतो. मुद्रकालाही ते सांगता येत होतं. वीरकाव्य हा त्याच्यासाठी सर्वांत कमी जोखमीचा माल ठरला याचं हे एक कारण आहे, आणि वाचकांच्या आवडीइतकंच महत्त्वाचं आहे असं आमचं मत.

तपासून पाहायला १५३२ चं 'ओर्लांदो फुरिओसो'. सेहेचाळीस सर्ग, ४,८४२ कडवी, दोन कॉलम, कॉलमला पाच कडवी. भागाकार ४८४ बाजू आणि वर दोन कडवी. प्रत्यक्ष पुस्तकात २४८ पानं, म्हणजे ४९६ बाजू. उरलेल्या अकरा-बारा बाजू शीर्षकपान, परवाने, कवीचं चित्र आणि सर्गांच्या मथळ्यांनी खाल्लेल्या जागेत जातात. हिशेब जुळला.

जुड्यांनीही जुळतो. क्वार्टो (ताव दोनदा दुमडून चार पानं), आठ-आठ पानांच्या जुड्या. जुडीचा क्रम दाखवणाऱ्या, पानाच्या तळाशी छापलेल्या खुणा आधी मोठ्या लिपीत ए ते झेड, मग लहान लिपीत ए ते एच. लॅटिन वर्णमाला तेवीस अक्षरांची (आय-जे एक, यू-व्ही एक, डब्ल्यू नाही), म्हणून २३ अधिक ८ म्हणजे ३१ जुड्या, गुणिले आठ २४८. आजची सव्वीस अक्षरं धरून मोजणाऱ्याला तीन जुड्या गहाळ असल्याचा भास होतो.

१८ जून

कडवी मोजताना घ्यायची काळजी. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कडव्यांना आकडे नाहीत. मोजायची ती पहिल्या ओळीवरून, कारण ती किंचित बाहेर काढलेली किंवा ठळक मोठ्या अक्षराने सुरू होते. यंत्राने अक्षरओळख करून मोजण्याचा प्रयत्न नको. गॉथिक टाइप, शब्दांवरच्या संक्षेपखुणा आणि पलीकडच्या बाजूची उमटलेली शाई यांत यंत्र ओळी चिकटवतं. कॉलमची उंची भागिले ओळीची उंची हा जुना उपाय अचूक आहे.

सर्ग संपतो ती बाजू नेहमी हाताने पाहायची. ताणून भरलेला मथळा किंवा कॉलमच्या तळाशी आठ ओळींची मोकळी जागा दिसली तर तिथे एक कडवं गळलेलं असण्याची शक्यता आहे. कारण उघड आहे: पुनर्मुद्रण करणारा जुन्या छापील प्रतीवरून पानाला पान जुळवत असतो. एक कडवं सुटलं तरी पुढच्या पानाची सुरुवात तो जुन्यासारखीच ठेवतो, आणि भोक जागेवर राहतं. पुढची आवृत्ती या आवृत्तीवरून छापली असेल तर तिच्यातही ते कडवं नसतं. कुठली आवृत्ती कुणावरून निघाली हे दाखवणारा याहून पक्का पुरावा मिळत नाही. शब्दांच्या वर्णलेखनातले फरक त्यापुढे दुय्यम; ते जुळाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलतात.

२४ जून

सोळाव्या शतकातल्या आवृत्त्यांसाठी इटलीच्या राष्ट्रीय यादीत वापरतात तो सोळा अक्षरांचा ठसा घेऊन पाहिला. चार ठरावीक बाजूंवरून शेवटच्या आणि त्याच्या आधीच्या ओळीतली दोन-दोन अक्षरं. गद्याच्या दोन आवृत्त्या याने हमखास वेगळ्या पडतात, कारण ओळ कुठे तुटेल ते प्रत्येक जुळणीत बदलतं. पद्यात ओळ तुटतच नाही. पानाला पान जुळवलेल्या दोन वेगळ्या आवृत्त्यांचा ठसा सोळापैकी चौदा-पंधरा अक्षरांत सारखा येऊ शकतो.

म्हणून ठशाबरोबर दुसरी खूण नोंदवायची: जुडीची खूण वरच्या ओळीतल्या कोणत्या अक्षरांखाली पडली आहे. ही जागा जुळारी डोळ्याने ठरवतो आणि नव्या जुळणीत ती हटकून सरकते. प्रत्येक आवृत्तीत पाच खुणांची जागा पुरते.

२५ जून

आकार ओळखायची पद्धत, कारण कडा छाटलेल्या प्रतीत उंचीवरून काही कळत नाही. कागद उजेडात धरला की साच्यातल्या तारांच्या दूर-दूर रेषा दिसतात. फोलिओत (ताव एकदा दुमडून दोन पानं) त्या उभ्या आणि जलचिन्ह पानाच्या मधोमध. क्वार्टोत आडव्या आणि जलचिन्ह मधल्या घडीत, शिवणीत अर्धं गेलेलं. ऑक्टाव्होत (तीनदा दुमडून आठ पानं) पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह वरच्या आतल्या कोपऱ्यात. संगणकावरच्या चित्रांत हे बहुधा दिसत नाही. ग्रंथालयाने मागून उजेड टाकून काढलेलं चित्र दिलं तरच हा रकाना भरायचा, नाहीतर यादीतला आकार घेऊन पुढे प्रश्नचिन्ह.

१ जुलै

कागदाचा हिशेब. आठ पानांची क्वार्टो जुडी म्हणजे दोन ताव. १५३२ च्या 'फुरिओसो'ला ३१ जुड्या, म्हणजे एका प्रतीला ६२ ताव.

आरिओस्तोने या आवृत्तीसाठी गार्दा सरोवराकाठच्या सालोहून ४०० रीम कागद आणवला आणि मान्तुआच्या हद्दीतून तो नेताना जकात माफ व्हावी अशी विनंती केली. रीम ५०० तावांची (वीस दस्ते, दस्त्यात पंचवीस ताव), म्हणजे दोन लाख ताव. भागिले ६२: ३,२२५ प्रती. पण रिमेच्या वरचा आणि खालचा दस्ता बांधणीच्या दोरीने आणि ओलीने खराब झालेला असे. ते दोन्ही पूर्ण वाया गेले असं धरलं तर १,८०,००० ताव, भागिले ६२: २,९०३ प्रती. मुद्रणाचे अभ्यासक कॉनर फाही यांनी या आवृत्तीचा अंदाज सुमारे ३,००० प्रतींचा दिला आहे. तो या दोन टोकांच्या मधे नेमका बसतो.

तीन हजारांतून आज दोन-तीन डझन प्रती शिल्लक, त्यांतल्या काही चर्मपत्रावरच्या. चर्मपत्रावरच्या प्रती भेटीसाठी छापल्या होत्या, म्हणून त्या टिकण्याचं प्रमाण वेगळं मोजायचं. त्या कागदी प्रतींत मिसळल्या तर टिकाव उगीच जास्त दिसतो.

आता १५१६ ची पहिली आवृत्ती. कार्दिनाल इप्पोलितो देस्ते यांनी १७ सप्टेंबर १५१५ च्या पत्रात आपल्या सेवकाच्या, म्हणजे आरिओस्तोच्या, पुस्तकासाठी एक हजार रीम कागदाची जकातमाफी मागितली आहे. एका प्रतीला साठ-पासष्ट ताव लागतात. हजार रीम म्हणजे पाच लाख ताव, म्हणजे साडेसात हजारांच्या वर प्रती! चाळीस सर्गांच्या नव्या काव्याची पहिली आवृत्ती इतकी मोठी असणं शक्य नाही. माफीच्या अर्जातला आकडा ही वरची मर्यादा असते, सगळा कागद लागलाच असं नाही, आणि एकदा माफी मिळाली की दरबारी कागदही त्याच गाडीत जातो. म्हणून १५१६ च्या ओळीत प्रतसंख्या रिकामी ठेवली आणि पत्राचा आकडा टिपेत घातला. दोन्ही आकडे कागदपत्रातलेच आहेत. एक वापरण्याजोगा आहे आणि दुसरा नाही, हे मांडणीच्या गणितामुळेच कळतं.

२ जुलै

कालच्या नोंदीला पुरवणी. छापायला किती वेळ लागला असेल? ६२ ताव, दोन्ही बाजू, ३,००० प्रती: ३,७२,००० दाब. एका हातयंत्रावर दिवसाला अडीच हजार दाब धरले तर दीडशे कामाचे दिवस, सण-रविवार वगळता सहा महिने. दोन यंत्रं असतील तर निम्मे. हे तक्त्यात जाणार नाही. दिवसाच्या वेगाचा आकडा आपणच धरलेला आहे.

८ जुलै

फेर्राराच्या ओळी पुऱ्या झाल्या.

'माम्ब्रियानो', फ्रांचेस्को चेको दा फेर्रारा, मुद्रक जोव्हान्नी माझोक्को दाल बोन्देनो, २० ऑक्टोबर १५०९.
'फुरिओसो', पहिली, तोच माझोक्को, २२ एप्रिल १५१६, चाळीस सर्ग. शिल्लक प्रती डझनभर.
दुसरी, जोव्हान्नी बात्तिस्ता दा ला पिन्या, १३ फेब्रुवारी १५२१, चाळीस सर्ग. शिल्लक याहून कमी.
तिसरी, फ्रांचेस्को रोस्सो दा व्हालेन्झा, १ ऑक्टोबर १५३२, सेहेचाळीस सर्ग.

'फुरिओसो'च्या या तीन आवृत्त्यांचा पैसा मुद्रकाचा नाही, म्हणून 'खर्च करणारा' रकान्यात कवी. फेर्राराचा मुद्रक इथे मजुरीवर काम करणारा कारागीर आहे. व्हेनिसच्या धंदेवाईक छापखान्यांशी या ओळींची थेट तुलना करायची नाही. १५२४ पासून १५३१ पर्यंत व्हेनिस, मिलान वगैरे ठिकाणी १५२१ च्या मजकुरावरून डझनाहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतून आरिओस्तोच्या हाती काही पडलं नाही. १५१६ ला मिळवलेल्या, दुसऱ्यांना छापायला मनाई करणाऱ्या परवान्यांचा दम किती होता ते यावरून समजावं. या आवृत्त्यांसाठी 'परवाना छापला आहे का' असा होय-नाही रकाना घातला.

१५ जुलै

१५३२ च्या प्रतींतले फरक. छपाई चालू असताना प्रूफ वाचणं, यंत्र थांबवणं, दोन अक्षरं बदलणं, पुन्हा सुरू करणं ही रीत. आधी छापलेले ताव फेकत नसत, इतका कागद महाग. त्यामुळे दुरुस्त आणि नादुरुस्त ताव सरमिसळ होऊन बांधले जातात आणि कुठल्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. सान्तोर्रे देबेनेदेत्ती यांनी १९२८ च्या आपल्या पाठात हे पहिल्यांदा नीट हाताळलं, पुढे फाहींनी प्रत्येक प्रत तपासून पूर्ण केलं.

फरक नोंदवताना एकक पान नाही, फर्मा (तावाच्या एका बाजूला एकदम छापली जाणारी जुळणी) आहे, कारण दुरुस्ती एका फर्म्यात बांधलेल्या चार बाजूंना एकदमच लागू होते. आठ पानांच्या जुडीत:

बाहेरचा ताव, बाहेरचा फर्मा: १ पुढची, २ मागची, ७ पुढची, ८ मागची.
बाहेरचा ताव, आतला फर्मा: १ मागची, २ पुढची, ७ मागची, ८ पुढची.
आतला ताव, बाहेरचा फर्मा: ३ पुढची, ४ मागची, ५ पुढची, ६ मागची.
आतला ताव, आतला फर्मा: ३ मागची, ४ पुढची, ५ मागची, ६ पुढची.

पान २ च्या पुढच्या बाजूला दुरुस्ती सापडली की लगेच १ मागची, ७ मागची, ८ पुढची पाहायच्या. तिथेही फरक असेल तर तो त्याच थांब्यावरचा असण्याची शक्यता जास्त. पण त्याच पानाची मागची बाजू दुसऱ्या फर्म्यात आहे. तिच्यावरून काही निष्कर्ष काढायचा नाही. एखादी प्रत 'दुरुस्त प्रत' असं लिहिणं म्हणूनच चूक. फर्मा दुरुस्त असतो, प्रत नसते.

पहिल्या जुडीत एक ताव पुन्हा जुळवून, पुन्हा छापून बदललेलाही आहे. तो फरक थांब्यांच्या दुरुस्तीत मोजायचा नाही: तिथे सगळ्याच ओळी नव्याने जुळवल्या आहेत, त्यामुळे खिळ्यांतली अंतरं सर्वत्र बदललेली दिसतात. ओळखायला चित्रावर चित्र ठेवून पाहावं. दोन-तीन अक्षरं सोडून बाकी सगळं तंतोतंत बसलं तर थांब्यावरची दुरुस्ती. सगळंच केसभर हललं तर नवी जुळणी. मोबाइलवर तिरके काढलेले फोटो या कामाला निरुपयोगी.

२२ जुलै

बोयार्दो. या ओळी सर्वांत दुःखाच्या आणि सर्वांत शिकवणाऱ्या.

'इनामोरामेन्तो दे ओर्लांदो'चे (हेच 'ओर्लांदो इन्नामोरातो') पहिले दोन खंड १४८२-८३ ला छापले गेले. एकही प्रत नाही. वर्ग ग. व्हेनिस १४८७, पिएत्रो दे पियासी: एकच प्रत, व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात. व्हेनिस १४९१, क्रिस्तोफोरो दे पेन्सिस: एकच प्रत, जिनिव्हाजवळ कोलोन्यीच्या बोद्मेर संग्रहात. कवी डिसेंबर १४९४ ला वारला. त्यानंतर १४९५ ला त्याच्याच स्कांदियानोत, त्याचा मुलगा कामिल्लो याच्या पुढाकाराने, पेल्लेग्रीनो पास्क्वालीने तिन्ही खंडांची आवृत्ती छापली. १,२५० प्रती, असा करार आहे. शिल्लक शून्य. तीन खंडांची आज हातात असलेली सर्वांत जुनी आवृत्ती थेट १५०६ ची, व्हेनिसच्या जोर्जो रुस्कोनीची.

स्कांदियानोच्या आवृत्तीला कागद किती लागला असेल? तिन्ही खंड मिळून सुमारे ४,४०० कडवी. क्वार्टो आणि बाजूला दहा कडवी धरली तर ४४० बाजू, २२० पानं, ५५ ताव. गुणिले १,२५० म्हणजे ६८,७५० ताव, साडे-एकशे सदतीस रीम. बाजूला बारा कडवी धरली तर ४६ ताव, ११५ रीम. साडेबावीस रीम वाचतात, आणि खर्चातला मोठा वाटा कागदाचाच. सोळाव्या शतकात कॉलम दाट होत गेले त्याला दुसरं कारण शोधायला नको. स्कांदियानोचा आकार मात्र कुणाला माहीत नाही, म्हणून हे दोन्ही आकडे 'घ'.

पूर्ण आवृत्तीच्या आवृत्ती नाहीशा होणं मराठी वाचकाला नवं नाही. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांतली एकही प्रत ज्ञात नाही. ओव्या हस्तलिखितांनी जगवल्या.

नील हॅरिस यांनी बोयार्दोच्या आवृत्त्यांवर जे काम केलं आहे त्यातली एक गोष्ट सगळ्या तक्त्याला लागू आहे: एकाच प्रतीवर तगलेल्या आवृत्त्या जितक्या जास्त, तितक्या शून्य प्रतींच्या आवृत्त्याही जास्त असणार. म्हणून 'ज्ञात प्रती' हा रकाना लोकप्रियतेचं माप म्हणून वापरायचा नाही. बहुतेक वेळा तो उलटं सांगतो. हाताळून फाटलेलं पुस्तक नाहीसं होतं. सरदाराच्या कपाटातलं राहतं.

२३ जुलै

नाहीशा झालेल्या आवृत्त्यांसाठी चांगलं साधन: कोलंबसचा मुलगा एर्नान्दो कोलोन याच्या सेव्हिलच्या ग्रंथसंग्रहाच्या याद्या. पुस्तक कुठे, केव्हा, किती किमतीला घेतलं आणि त्या दिवशी त्या नाण्याचा भाव काय होता, हे तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवी. व्हेनिसहून पाठवलेली त्याची सोळाशेहून अधिक पुस्तकं समुद्रात बुडाली, पण त्यांची यादी उरली. वीरकाव्यांच्या शीर्षकांसाठी ती तपासायची. तिच्यातल्या नोंदी 'ग' वर्गात, कारण साल नेहमी असतंच असं नाही.

२९ जुलै

१५०० च्या शिवेवरच्या, तारीख नसलेल्या क्वार्टो. पंधराव्या शतकाच्या यादीत '१५०० च्या सुमारास' आणि सोळाव्याच्या यादीत '१५०५ च्या सुमारास' अशी एकच आवृत्ती दोनदा येते, किंवा दोन्हीकडून सुटते. शिवाय सोळाव्या शतकाची इटालियन यादी आधी इटलीतल्या ग्रंथालयांवर उभी राहिली, त्यामुळे लंडन, पॅरिस, सेव्हिल, व्हिएन्ना इथल्या एकमेव प्रती तिथे मिळतील याची खात्री नाही.

तारीख काढायला लाकडी ठसे कामाचे. व्हेनिसमध्ये एकच लढाईचं चित्र ओर्लांदोलाही चालतं, रिनाल्दोलाही, आंक्रोयालाही, आणि एका छापखान्यातून दुसऱ्यात जातं. लाकडाला भेग पडली की पांढरी रेघ उमटते आणि ती वाढतच जाते. कीड लागली की पांढरे ठिपके. ठिपके कमी असलेला छाप आधीचा. अपवाद एकच: भेग पाचर मारून बुजवलेली असेल तर रेघ बारीक होते, पण चौकटीची कड तिथे किंचित सरकलेली दिसते. क्रम असा लागतो, साल लागत नाही. साल हवं तर त्याच ठशाचं तारीख असलेलं दुसरं पुस्तक दोन्ही बाजूंना शोधावं लागतं.

५ ऑगस्ट

पुरवण्या. निक्कोलो देल्यी अगोस्तिनीने बोयार्दोचं अपुरं काव्य पुढे नेलं: चौथा खंड १५०५-०६, पाचवा १५१४, सहावा १५२१. विक्रेते हे खंड बोयार्दोच्या तीनला जोडून एकत्र विकत. प्रत एक, पण प्रत्येक खंडाला स्वतःच्या जुड्यांच्या खुणा आणि कधी स्वतःची पुष्पिका. अशा प्रतीत वेगळ्या सालांचे भाग असतील तर ती 'मिश्र प्रत' असं लिहून भागवायचं नाही. विक्रेत्याकडे पडून असलेला माल असाच खपवत. प्रत्येक भागाला त्याची ओळ, आणि प्रतींच्या तक्त्यात एकत्र बांधणीची नोंद.

१२ ऑगस्ट

जोलितो. गाब्रिएले जोलितोचं १५४२ चं व्हेनिसचं 'फुरिओसो': प्रत्येक सर्गाला त्या सर्गासाठीच कोरलेलं चित्र, शेवटी लोदोविको दोल्चेचं विवरण, अर्पण फ्रान्सच्या युवराजाला. १५६० पर्यंत त्याने पंचविसाहून अधिक आवृत्त्या काढल्या, काही क्वार्टो, काही ऑक्टाव्हो. आपल्या हद्दीत त्यांतल्या पहिल्या काहीच येतात.

अडचण एकच, पण छळणारी. शीर्षकपानावर एक साल आणि पुष्पिकेत दुसरं. छपाई वर्षाच्या अखेरीला पुरी झाली की शीर्षकपानावर पुढचं साल टाकून माल ताजा दाखवायचा. याद्यांत त्यामुळे एकाची दोन होतात. नियम: दोन्ही सालं नोंदवायची, क्रम पुष्पिकेवर लावायचा, आणि जुडीच्या खुणांची जागा सारखी असेल तर आवृत्ती एकच. पुष्पिकेचं पान गहाळ असलेली प्रत स्वतंत्र ओळीला पात्र नाही.

१९ ऑगस्ट

१५४५ ची सीमा. त्या साली तीन गोष्टी एकत्र येतात. मुद्रक आल्दो मानुत्सिओच्या वारसांनी व्हेनिसमध्ये 'फुरिओसो' छापलं आणि त्यात आरिओस्तोचे 'पाच सर्ग' पहिल्यांदा छापून आले. त्याच साली जिरोलामो स्कोत्तोने दोमेनिकीने तोस्काना वळणाच्या भाषेत बसवलेलं बोयार्दोचं काव्य काढलं. बेर्नीने केलेलं रूपांतर त्याआधीच, त्याच्या मृत्यूनंतर, १५४१ ला आलेलं होतं. बोयार्दोचा स्वतःचा मजकूर यानंतर छापणं बंद झालं, ते थेट आन्तोनियो पानिझ्झीने लंडनमध्ये १८३० पासून आपली आवृत्ती काढीपर्यंत.

तक्त्यासाठी निर्णय: बेर्नी आणि दोमेनिकी यांना बोयार्दोच्या ओळींत मिसळायचं नाही. शीर्षक 'ओर्लांदो इन्नामोरातो', कवी म्हणून बोयार्दो, 'मजकूर कुणाचा' या नव्या रकान्यात बेर्नी किंवा दोमेनिकी. कडव्यांची मोजणी या दोघांसाठी वेगळी करावी लागेल, कारण दोघांनीही कडवी घातली-गाळली आहेत. बोयार्दोची संख्या घेऊन पानांचा हिशेब लावला तर चुकेल. आल्दोच्या आवृत्तीत 'पाच सर्ग' मुख्य काव्याच्या ४,८४२ मध्ये धरायचे नाहीत. त्यांच्या जुड्या वेगळ्या लिहायच्या.

राहिलेलं काम: १५२४ ते १५३१ च्या 'फुरिओसो'त गळलेल्या कडव्यांची यादी पुरी करणं, आणि जोलितोच्या १५४२ ते १५४५ च्या आवृत्त्यांतल्या प्रत्येकी पाच खुणांची जागा मोजणं. दुसरं आधी.